रस्ता सायकलीच्या गिअरची निवड

रस्ता सायकलीच्या गिअरची निवड म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवण्यासाठी बनवलेल्या सायकलीला पुढे आणि मागे किती दात्यांची चक्रे बसवावीत, हे चालकाची ताकद, एकूण वजन आणि रस्त्याचा चढ विचारात घेऊन ठरवणे होय. गिअरमुळे चालकाची शक्ती वाढत नाही. तीच शक्ती पॅडलवर मोठा जोर देऊन सावकाश खर्च करायची की कमी जोर देऊन भरभर, एवढाच पर्याय गिअर उपलब्ध करून देतो. मात्र लांबच्या चढावर चालक शेवटपर्यंत सायकलीवर बसून राहतो की उतरून ती ढकलतो, हे बहुधा याच पर्यायावर अवलंबून असते.

बाजारात तयार मिळणाऱ्या अनेक रस्ता सायकलींची चक्रे दीर्घकाळ स्पर्धकांच्या गरजांवरून ठरत आली. त्यामुळे सर्वसाधारण चालकाच्या सायकलीवर कधीही न वापरले जाणारे जड गिअर असतात आणि घाटात हवा असणारा हलका गिअर नसतो. म्हणून निवडीची सुरुवात सर्वांत हलक्या गिअरपासून करणे सोयीचे ठरते.

गिअर कसा मोजतात

पॅडलच्या क्रँकला जोडलेल्या पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागले की गिअरचे गुणोत्तर मिळते. पुढे ५० आणि मागे २५ दाते असतील, तर गुणोत्तर २ येते. म्हणजे पॅडलची एक फेरी पूर्ण होईपर्यंत मागचे चाक दोनदा फिरते. या गुणोत्तराला चाकाच्या परिघाने गुणले की पॅडलच्या एका फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते ते कळते. रस्ता सायकलीच्या चाकाचा परीघ टायरसह सुमारे २.१ मीटर असतो. गुणोत्तर मोठे असेल तर गिअर 'जड' आणि लहान असेल तर 'हलका' असे सायकलस्वारांच्या बोलण्यात म्हटले जाते.

इंग्लंड-अमेरिकेत गिअर इंचांतही मोजतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील उंच चाकाच्या सायकलीपासून आली. त्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्यामुळे चाकाचा व्यास हाच तिचा गिअर होता, आणि तो व्यास किती वाढवता येईल याला चालकाच्या पायाच्या लांबीची मर्यादा असे. साखळीने ही मर्यादा दूर केली. आजचा ५०/११ हा गिअर याच मापाने सुमारे १२० इंच भरतो; म्हणजे तितके अंतर एका फेरीत कापायला जुन्या सायकलीला तीन मीटर व्यासाचे चाक लागले असते.

वेग काढण्यासाठी केडन्स, म्हणजे दर मिनिटाला होणाऱ्या पॅडलच्या पूर्ण फेऱ्या, लक्षात घ्याव्या लागतात. सरावलेले चालक सपाट रस्त्यावर साधारणतः ८० ते १०० फेऱ्या राखतात. चढावर हा आकडा खाली येतो. पुढील तक्त्यात काही नेहमीच्या जोड्या दिल्या आहेत.

| पुढचे / मागचे दाते | गुणोत्तर | एका फेरीतील अंतर (मीटर) | ९० फेऱ्यांना वेग (किमी/तास) |
|---|---|---|---|
| ५३/११ | ४.८२ | १०.१२ | ५४.६ |
| ५०/११ | ४.५५ | ९.५५ | ५१.५ |
| ५०/१७ | २.९४ | ६.१८ | ३३.४ |
| ३९/२५ | १.५६ | ३.२८ | १७.७ |
| ३४/२८ | १.२१ | २.५५ | १३.८ |
| ३४/३४ | १.०० | २.१० | ११.३ |
| ३०/३४ | ०.८८ | १.८५ | १०.० |

इतिहास

हलका गिअर वापरणे म्हणजे दुबळेपणा, ही समजूत गिअरइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही हे 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहीत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बदलत्या गिअरचा हिरिरीने पुरस्कार करीत. त्यांच्या विरुद्ध बाजूला ऑंरी देग्रांज होते. पुढे १९०३ मध्ये तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणाऱ्या या संपादकांच्या मते बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक होते. खऱ्या स्पर्धकाने स्नायूंच्या बळावरच जिंकावे. परिणामी तूरमधील स्पर्धकांना अनेक वर्षे डिरेलरविना आल्प्स आणि पिरेनीज ओलांडावे लागले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. चढ आला की खाली उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे, असा तो प्रकार होता. तूल्यो काम्पान्योलो या इटालियन स्पर्धकाला १९२७ मध्ये बर्फाळ खिंडीत गारठलेल्या बोटांनी चाकाची चाकी सोडवता आली नाही आणि त्यातून पुढे झटपट उघडणाऱ्या आसाची कल्पना त्याला सुचली, अशी कथा सांगितली जाते.

डिरेलरला तूर द फ्रान्समध्ये १९३७ साली परवानगी मिळाली. त्यानंतर मागच्या चक्रांची संख्या वाढत गेली. १९८० च्या दशकात एका टिचकीसरशी नेमक्या चक्रावर साखळी नेणारी पद्धत रूढ झाली. पुढे गिअरची कळ ब्रेकच्या दांडीतच सामावली आणि एकविसाव्या शतकात विजेवर चालणारे डिरेलर रूढ झाले. मागे पाचसहा चक्रे होती तेव्हा चढासाठी मोठे चक्र घेतले की मधल्या पायऱ्या फार दूर जात. अकराबारा चक्रांच्या काळात ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही 'मर्दानी' गिअरचा जुना अभिमान खरेदीच्या वेळी अजून डोकावतो.

चढावरील गणित

सपाट रस्त्यावर चालकाची बहुतेक शक्ती हवेचा अडसर दूर करण्यात जाते, तर चढावर ती स्वतःचे वजन वर नेण्यात खर्च होते. चढाची टक्केवारी म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात रस्ता किती मीटर वर चढतो ते. वजन आणि चढ ठरलेला असला की अमुक शक्तीच्या चालकाचा वेगही जवळपास ठरून जातो. गिअर बदलून तो फारसा बदलत नाही. बदलतो तो केडन्स आणि त्याबरोबर पायावर येणारा भार.

एक उदाहरण घेऊ. चालक, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि सामान मिळून ८० किलो वजन आहे आणि चालक तासभर १५० वॅट शक्ती देऊ शकतो. नियमित सायकल चालवणाऱ्या, पण शर्यतीत न उतरणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी हा आकडा वाजवी आहे. ८ टक्के चढावर गुरुत्वाकर्षण, टायरचे घर्षण आणि हवा यांचा मिळून अडसर सुमारे ६८ न्यूटन होतो. त्यावर १५० वॅटमध्ये ताशी सुमारे ७.९ किलोमीटर वेग मिळतो. हाच वेग ३९/२५ गिअरमध्ये मिनिटाला अवघ्या ४० फेऱ्यांनी येतो, ३४/२८ मध्ये ५२, ३४/३४ मध्ये ६३ आणि ३०/३४ मध्ये ७१ फेऱ्यांनी.

चाळीस फेऱ्या म्हणजे जवळजवळ थांबत थांबत चालवणे. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरली तर ४० फेऱ्यांना पॅडलवर संपूर्ण फेरीचा सरासरी जोर सुमारे २१० न्यूटन, म्हणजे साडेएकवीस किलो वजनाइतका द्यावा लागतो. ६३ फेऱ्यांना तो सुमारे १३४ न्यूटनवर येतो. प्रत्यक्षात पाय खाली ढकलतानाचा कमाल जोर या सरासरीपेक्षा बराच मोठा असतो. असा भार गुडघ्याच्या वाटीमागील सांध्यावर येतो आणि मांडीचे स्नायूही लवकर थकतात. नऊ किलोमीटरच्या अशा घाटाला या चालकाला तासाहून अधिक वेळ लागेल. ४० फेऱ्यांच्या हिशेबाने तेवढ्या वेळात सुमारे २,७०० वेळा तो जड दाब द्यावा लागतो. 'गिअर पुरला नाही' असे चालक म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

सर्वांत हलका गिअर ठरवणे

नेहमीच्या मार्गावरील सर्वांत तीव्र असा लांब चढ निवडून त्यावर ६० ते ७० फेऱ्या राखता येतील असा गिअर शोधणे, ही निवडीची व्यवहार्य रीत आहे. शक्ती मोजणारे उपकरण नसले तरी चालते. ओळखीच्या चढावर लागणारा वेळ आणि अंतर यांवरून वेग काढावा. वेगाला ६० फेऱ्यांनी भागले की एका फेरीत किती अंतर जावे ते मिळते. ताशी ७.९ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३२ मीटर. त्याला ६० ने भागले की २.२ मीटर. तक्त्यात पाहिले तर हा आकडा ३४/२८ आणि ३४/३४ यांच्यामध्ये येतो. ३४/३२ त्याच्या अगदी जवळ आहे, आणि थोडी सवड ठेवायची तर ३४/३४ घ्यावा.

सवड ठेवणे गरजेचे आहे, कारण हा हिशेब ताज्या पायांचा असतो. ब्रेव्हे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या सायकल सफरींत २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत, तर ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे असते. अशा सफरीत दीडशे किलोमीटरनंतर आलेला घाट सकाळच्या शक्तीने चढता येत नाही. शक्ती १५० वरून १२० वॅटवर उतरली, तर ३४/३४ वरचा केडन्सही ६३ वरून पन्नाशीच्या घरात येतो. मुक्कामाचे सामान असेल तर वजनही वाढलेले असते. म्हणून शर्यतीच्या सायकलीवर अवास्तव वाटणारे ३०/३४ सारखे गिअर प्रवासी सायकलीवर अगदी रास्त ठरतात.

महाराष्ट्रातील चढ एकाच स्वभावाचे नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट सुमारे ७०० मीटर उंचीवरून १,३०० मीटरच्या जवळ नेतो, पण तो लांब आणि बराचसा एकसारखा आहे. सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आसपास राहतो. तेथे ३४/२८ वर आपल्या उदाहरणातील चालक आरामात चढतो. पुण्याजवळच्या सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर मात्र १० टक्क्यांहून तीव्र टप्पे आहेत आणि तेथे तोच गिअर अपुरा पडतो. कोकणाच्या किनारी रस्त्यावर उंची फारशी नाही. तरीही खाडीच्या काठापर्यंत उतरलेला रस्ता लगेच सड्यावर चढतो, आणि दिवसभरात असे अनेक आखूड, तीव्र चढ येतात. दिवसअखेरीस झालेली एकूण चढाई पाहून नवख्या चालकाला आश्चर्य वाटते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवतात. तो स्पर्धक जे गिअर वापरतो, ते पाहून आपली निवड करणे चुकीचे ठरेल, कारण त्याच्या वजनामागील शक्ती सर्वसाधारण चालकाच्या दुपटीच्या आसपास असू शकते. दुप्पट शक्तीच्या चालकाला तोच केडन्स जवळजवळ दुप्पट जड गिअरमध्ये मिळतो.

जड गिअर किती हवा

सर्वांत जड गिअरबद्दल सहसा गरजेपेक्षा अधिक काळजी केली जाते. वर घेतलेला चालक १५० वॅटमध्ये वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जातो. ९० फेऱ्यांना त्यासाठी ५०/१९ हा गिअर पुरेसा आहे. याचा अर्थ ११ ते १७ दात्यांची चक्रे त्याच्या उपयोगी पडतात ती मुख्यतः उतारावर, पाठीमागून वारा असताना किंवा गटाच्या आडोशाने चालवताना. सपाटीवर एकट्याने ताशी ५० किलोमीटर राखायला ५०० वॅटहून अधिक शक्ती लागते. हे व्यावसायिक स्पर्धकांचे क्षेत्र आहे. उतारावर ५० च्या पुढे गेल्यावर पॅडल मारण्यापेक्षा शरीर झुकवून हवेचा अडसर कमी करणे अनेकदा अधिक उपयुक्त असते, आणि घाटातील वळणांवर तर लक्ष ब्रेकवरच असावे.

५०/१२ या गिअरमध्ये १०० फेऱ्यांना ताशी ५२.५ किलोमीटर वेग मिळतो. म्हणून ११ दात्यांचे चक्र सोडून १२ पासून सुरू होणारी कॅसेट घेतल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही. उलट मध्ये एक उपयोगी पायरी मिळते. वाढत्या वयातील स्पर्धकांनी जड गिअर टाळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ज्युनिअर गटासाठी पॅडलच्या एका फेरीत ७.९३ मीटर ही कमाल मर्यादा ठेवली होती. ही मर्यादा साधारणतः ५२/१४ गिअरइतकी होती आणि ती २०२३ पासून उठवण्यात आली.

मधल्या पायऱ्या

हलका गिअर मिळवण्याची किंमत मधल्या पायऱ्यांमध्ये मोजावी लागते. ११ चक्रांच्या ११–२८ कॅसेटमध्ये नेहमीची मांडणी ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८ अशी असते. ११–३४ मध्ये ती ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४ अशी होते. १७ ते २५ या सर्वाधिक वापराच्या पट्ट्यात दोन्ही सारख्याच आहेत. फरक वेगवान टोकाला पडतो. ५०/१५ वर ९० फेऱ्यांनी ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास चालवणाऱ्याने एक चक्र जड घेतले, तर पहिल्या कॅसेटमध्ये केडन्स ८४ वर येतो आणि दुसऱ्यामध्ये एकदम ७८ वर. गटात ठरावीक वेग राखणाऱ्या स्पर्धकाला हा धक्का जाणवतो. एकट्याने तिशीच्या आत चालवणाऱ्याचा त्या पट्ट्याशी क्वचितच संबंध येतो, त्यामुळे रुंद कॅसेटमुळे त्याचे नुकसान जवळपास होत नाही. सपाट प्रदेशातील वेळेविरुद्धच्या शर्यतीसाठी अरुंद कॅसेट अजूनही योग्य आहे.

पुढच्या चक्रांच्या जोड्या

पुढच्या चक्रांचा आकार बराच काळ एका यांत्रिक मापाने बांधलेला होता. चक्र क्रँकला ज्या पाच बोल्टांनी जोडले जाते, त्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास स्पर्धेच्या क्रँकमध्ये १३० मिलिमीटर असे. त्यावर ३८ दात्यांहून लहान चक्र बसूच शकत नसल्यामुळे ५३/३९ ही जोडी प्रमाण ठरली. ११० मिलिमीटर व्यासाचे क्रँक रस्ता सायकलींवर रूढ झाल्यावर ५०/३४ ही 'कॉम्पॅक्ट' जोडी सर्वत्र पसरली, आणि दोहोंमधील ५२/३६ तडजोड म्हणून आली. खडबडीत रस्त्यांच्या सायकलींसाठी ४६/३० सारख्या जोड्या मिळतात आणि घाटात प्रवास करणाऱ्या रस्ता सायकलस्वारांनाही त्या उपयोगी पडतात. काही नव्या संचांत मागे १० दात्यांचे चक्र असते. त्यामुळे पुढे ४८ दाते असूनही ४८/१० चे गुणोत्तर ४.८ येते, म्हणजे जुन्या ५३/११ इतकेच. पुढे एकच चक्र ठेवण्याची पद्धतही आहे. तिच्यात एक डिरेलर आणि साखळी पडण्याची शक्यता कमी होते, पण पायऱ्या दूर जातात.

जोडणीच्या मर्यादा

हवी ती कॅसेट कोणत्याही सायकलीला बसत नाही. उत्पादक मागच्या डिरेलरसाठी दोन आकडे देतात: तो जास्तीत जास्त किती दात्यांचे चक्र पेलतो आणि एकूण किती दात्यांच्या फरकाची ढिली साखळी ताणून धरतो. दुसरा आकडा काढण्यासाठी पुढच्या दोन चक्रांतील फरक आणि कॅसेटच्या दोन टोकांतील फरक यांची बेरीज करतात. ५०/३४ सोबत ११–३४ घेतल्यास १६ आणि २३ मिळून ३९ होतात. आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला हे सहसा झेपत नाही आणि मध्यम किंवा लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागतो. डिरेलर न बदलता पुढचे लहान चक्रच बदलण्याचा मार्ग काही क्रँकवर उपलब्ध असतो.

मोठे चक्र बसवल्यावर जुनी साखळी तशीच ठेवणे धोक्याचे आहे. पुढे मोठ्या आणि मागेही मोठ्या चक्रावर साखळी चुकून गेली आणि ती आखूड पडली, तर ती डिरेलर ओढून त्याचा आधारच वाकवते किंवा तोडते. म्हणून नव्या जोडणीनंतर साखळीची लांबी याच मोठ्या-मोठ्या स्थितीत तपासतात. ही तपासणी सायकल स्टँडवर ठेवून, पॅडल हाताने सावकाश फिरवून करतात. कमी किमतीच्या सायकलींवर कॅसेटऐवजी आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते. दुकानात दोन्हींना सरसकट 'फ्रीव्हील'च म्हटले जाते. दोहोंची जोडणी मात्र वेगळी असते आणि एकाच्या जागी दुसरे बसत नाही, त्यामुळे सुटा भाग विकत घेण्यापूर्वी मागच्या चाकाचा हब कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्यावे लागते.